मोमेनची दोन घरे

मित्रांनो, मी एक म्हातारी मांजरी आहे. माझे पुढचे दात पडले आहेत, डाव्या डोळ्याने अंधुक दिसते, आणि संत्र्यांच्या रिकाम्या पेटीवर उडी मारायची असली तरी आधी थोडा विचार करावा लागतो. माझे नाव मोमेन. मोमेन म्हणजे सुती कापड. हे नाव मला ज्यांनी दिले, त्यांच्या घरात मी आता राहत नाही. का राहत नाही, ते सांगायला बसले आहे. सांगता सांगता मध्येच थांबले तर समजून घ्या.

माझा जन्म इमाबारीचा. जपानमधले समुद्राकाठचे हे गाव. गावातली निम्मी माणसे जहाजे बांधतात आणि निम्मी टॉवेल विणतात. अशाच एका टॉवेलच्या गिरणीत, टाकाऊ सुताच्या खोक्यात, माझ्या आईने पिल्ले घातली होती. बाकीच्या भावंडांना घेऊन ती कुठे गेली, मला ठाऊक नाही. मी सुतात अडकले होते, म्हणून राहिले.

नात्सुए नावाची बाई त्या गिरणीत माग चालवायची. खोके रिकामे करायला तिने ते उचलले आणि सुताच्या गुंत्यातून मी ओरडले. तिने मला एप्रनच्या खिशात घातले. तिच्यावर देखरेख करणाऱ्या हिसानोबाई फार कडक होत्या. त्यांनी खिसा हलताना पाहिला.

"ही गिरणी आहे, पांजरपोळ नाही," त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सुटी होईपर्यंत खिशातून बाहेर काढू नकोस. मागात शेपटी गेली तर अख्खा ताका वाया जाईल."

नात्सुएचा नवरा कोहेइ जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. मला पाहून त्याने कपाळाला हात लावला. बायको गिरणीतून टॉवेल आणेल असे वाटले होते, हे काय आणलेस, असे म्हणाला. मोमेन नावाचा टोफूही, म्हणजे सोयाबीनचे पनीरही, असते, म्हणून तो मला मुद्दाम "ए टोफू" अशी हाक मारायचा. पण थंडीत, खाली शेगडी आणि वरून पांघरूण असलेल्या टेबलाशी पाय शेकायला बसला की माझ्यासाठी पांघरुणाची एक कड उचलून धरायचा. भाजलेल्या माशाची कातडी माझ्याच वाट्याची, हेही त्यानेच ठरवले होते.

त्या दोघांना मूल नव्हते. नात्सुएला त्याचे फार दुःख होते, पण ती कोणाशी बोलायची नाही. माझ्याशी बोलायची. कपडे वाळत घालताना, तांदूळ धुताना, हळू आवाजात बोलत राहायची. एकदा ती काही दिवस इस्पितळात राहिली आणि परत आली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. कोहेइ जेवणाचे ताट घेऊन दारात उभा राहायचा आणि तसाच मागे फिरायचा. मी जाऊन तिच्या पोटावर बसले. तिने मला ढकलले नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "तू तरी जाऊ नकोस हं." मी कुठे जाणार होते? मला तर त्या घराबाहेर जग आहे हेही नीट माहीत नव्हते.

मग काही वर्षांनी वाकाबा आली.

मित्रांनो, इतके लहान माणूस मी आधी पाहिले नव्हते. शेजारच्या बायका म्हणाल्या, बाळाजवळ मांजर नको, तोंडावर बसेल. नात्सुए म्हणाली, "बाळाच्या आधीपासून आहे ती या घरात. तिला कळतं." आणि मला खरोखरच कळायचे. बाळ रडले की मी आधी पोहोचायचे, नात्सुए मागून यायची. वाकाबा रांगू लागली तेव्हा माझ्या शेपटीमागे रांगली. उभी राहिली ती माझ्या पाठीचा आधार घेऊन, आणि आम्ही दोघी आडव्या झालो. ती माझे कान ओढायची. दुसऱ्या कोणी ओढले असते तर मी बोचकारले असते. तिचा पहिला शब्द 'मोमे' होता. कोहेइ दोन दिवस रुसून बसला होता.

आम्ही दुपारी एकत्र झोपायचो. ती पाठीवर, मी तिच्या छातीवर. ती साधारण चार वर्षांची झाली तेव्हा मला तिच्या छातीतून एक आवाज ऐकू येऊ लागला. बारीक, लांबत जाणारा. मी कान लावून ऐकले. मला वाटले, वाकाबा घुरघुरायला शिकली. मांजर सुखात असले की घुरघुरते ना, तसे. माझ्याकडूनच शिकली असणार. मला इतका आनंद झाला की मीही जोराने घुरघुरू लागले आणि तिला आणखी चिकटून झोपले.

ती घुरघुर नव्हती, घरघर होती. हे मला कोण सांगणार? माणसांनाही ते उशिरा समजले.

वाकाबाला खोकला येऊ लागला. डोळे लाल व्हायचे, नाक वाहायचे, पळताना ती मध्येच थांबून गुडघ्यांवर हात टेकायची. नात्सुएला वाटले, आपल्या कपड्यांवरून गिरणीतली सुताची धूळ घरात येते. ती गिरणीतच अंघोळ करून, कपडे बदलून येऊ लागली. तरी खोकला थांबेना. मग तिने गिरणी सोडली. मित्रांनो, ते काम तिला फार आवडायचे. माग बंद पडला तर नुसत्या आवाजावरून तिला कळायचे. शेवटच्या दिवशी ती घरी आली आणि रिकामा एप्रन मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. मी त्या एप्रनवर जाऊन बसले. त्याला माझा जुना वास होता.

खोकला वाढला. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासले. तिला माझ्या केसांमुळे दमा होतो असे त्यात निघाले, पण ते मला फार नंतर समजले. नात्सुए आणि कोहेइ घरी आले तेव्हा दोघेही माझ्याकडे पाहीनात. कोहेइने 'टोफू' म्हटले नाही. मला वाटले, माझे काहीतरी चुकले.

त्यांनी लगेच मला काढले नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. त्यांनी खूप प्रयत्न केले. मला मागच्या खोलीत ठेवले. गालिचे काढले. मला दर आठवड्याला अंघोळ घातली. ते मी सहन केले. हवा गाळणारे यंत्र आणले, ते रात्रंदिवस घूंघूं करत असायचे. वाकाबाला औषधे दिली. मला हात लावायचा नाही, असे तिला बजावले. ती मागच्या खोलीच्या दारापाशी बसून दाराच्या फटीतून बोटे आत घालायची. मी त्या बोटांवर डोके घासायचे.

एका संध्याकाळी नात्सुए आणि कोहेइ स्वयंपाकघरात बोलत होते. दार नीट लागले नव्हते. मी ऐकले, आणि वाकाबानेही ऐकले.

"आपल्याला मूल नव्हतं तेव्हा मी हिच्याशीच बोलत होते," नात्सुए म्हणाली. "आता मूल आहे, म्हणून हिला टाकू?"

"टाकू म्हणत नाहीये मी," कोहेइ म्हणाला. "पण ही इथे राहिली तर वाकाबाचं काय होईल, ते तुलाही माहीत आहे."

त्यानंतर वाकाबाचा खोकला एकदम कमी झाला. नात्सुए शेजारणीला सांगू लागली की औषध लागू पडले. पण मला मागच्या खोलीच्या खिडकीतून अंगण दिसायचे. खोकला आला की वाकाबा अंगणात पळायची, भिंतीआड बसायची, तोंडावर टॉवेल दाबून खोकायची, नळाचे पाणी प्यायची आणि हसत आत जायची. पाच वर्षांची होती ती. मला घरात ठेवण्यासाठी ती आपला खोकला लपवत होती.

पावसाळ्यातली एक दुपार. नात्सुए माडीवर कपडे वाळत घालत होती. वाकाबाने मागच्या खोलीचे दार सरकवले, मला उचलले आणि गाद्यांच्या कपाटात शिरून आतून दार ओढून घेतले. अंधारात, पांघरुणांच्या थप्पीवर, तिने मला छातीशी धरले. कितीतरी दिवसांनी. तिने तोंड माझ्या मानेत खुपसले आणि म्हणाली, "मला खोकला चालतो, मोमे. तू जाऊ नको."

मला काय, मला सुख झाले. तिच्या छातीतला तो आवाज जोरात येत होता आणि मी त्याच्या तालावर घुरघुरत होते. मग तो आवाज बारीक होत गेला. मग तुटक झाला. मग जवळजवळ थांबला. माझ्या पाठीवरचा हात सैल पडला. ती नेहमी घुरघुरायची, आणि आता घुरघुरत नव्हती. एवढेच मला कळले, आणि मी ओरडले. कपाटाचे दार ओरबाडले. पुन्हा ओरडले. इतकी ओरडले की वरून नात्सुए हातातले ओले कपडे टाकून धावत आली.

वाकाबाचे ओठ निळे झाले होते. रुग्णवाहिका आली. अनोळखी माणसे बूट न काढताच आत शिरली. ती तिला घेऊन गेली आणि घरात मी आणि ते यंत्र, दोघेच राहिलो.

वाकाबा वाचली. मित्रांनो, हे लगेच सांगते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. ती वाचली. पण ती इस्पितळातून परत येण्याआधी मला जायचे होते.

मला ठेवून घेणारे कोणी मिळेना. नात्सुएच्या बहिणीच्या इमारतीत प्राणी चालत नव्हते. कोपऱ्यावरचा मासेवाला म्हणाला, "माझ्या दुकानात मांजर? म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." कोणी म्हणाले, भटक्या प्राण्यांच्या सरकारी केंद्रात देऊन टाका. तिथे काही दिवस ठेवतात, कोणी न्यायला आले नाही तर पुढचे तुम्हीच समजा. कोणी म्हणाले, एखाद्या बेटावर धक्क्यापाशी सोडून या, मासे खाऊन जगेल. नात्सुए ऐकून घ्यायची आणि रात्री जेवायची नाही.

कोहेइ एकदा म्हणाला की वाकाबाला आपण सांगू, मोमेन पळून गेली. लहान आहे, विसरेल.

"मग ती रोज दार उघडं ठेवून बसेल," नात्सुए म्हणाली. "तुला तेच बघायचंय का?"

कोहेइने पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि मग एक दिवस दारात हिसानोबाई उभ्या राहिल्या. त्या आता निवृत्त झाल्या होत्या. बोटीने तासाभरावर असलेल्या एका बेटावर त्यांच्या वडिलांची डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची संत्र्यांची बाग होती, ती बघत होत्या. गिरणीतल्या कोणीतरी त्यांना सांगितले होते. त्या आत आल्या, चहाला नको म्हणाल्या आणि मला उचलून माझे दात पाहिले.

"उंदीर धरते का?"

"कधी धरला नाही," नात्सुए म्हणाली. "घरात उंदीर नव्हताच."

"म्हणजे फुकट खाऊ," हिसानोबाई म्हणाल्या. "चालेल. मीही आता फुकटच खाते." मग आवाज न बदलता पुढे म्हणाल्या, "एक अट आहे, नात्सुए. संत्री पिकेपर्यंत कोणी भेटायला यायचं नाही. तुम्ही दर आठवड्याला येऊन रडलात तर ही माझ्या घरी कधी राहणारच नाही. नुसती वाट बघत बसेल."

नात्सुएने मान खाली घातली. अगदी खाली, चटईला कपाळ टेकेपर्यंत. हिसानोबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, सुताचं खोकं तूच उचललंस ना. तिथेच तिचं सगळं मिटलं असतं. तू तिला टाकलेलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी वाकाबाला इस्पितळातून सोडले. नात्सुएने तिला सगळे खरे सांगितले होते. त्या दोघी तिथून थेट धक्क्यावर आल्या. वाकाबाच्या तोंडावर मास्क होता, आणि ती लांब, दोर गुंडाळायच्या लोखंडी खुंटापाशी उभी होती. मी टोपलीत होते. ती जवळ आली नाही. तिला येऊ दिले नाही. तिथूनच ती हिसानोबाईंना मोठ्याने सांगत होती, "आजी, तिला वाहतं पाणी लागतं. वाटीतलं पीत नाही. आणि कान ओढले तर चावते. मी ओढले तर नाही चावत. पण तुम्ही नका ओढू."

"नाही ओढणार," हिसानोबाई म्हणाल्या.

"आणि तिला सांगा, मी आजारी आहे म्हणून. नाहीतर तिला वाटेल, मला ती नको झाली."

हिसानोबाईंनी मान हलवली आणि टोपली उचलली.

कोहेइ आम्हाला सोडायला बोटीतून आला. वाटेत त्याने टोपलीत बोट घातले. आपण वेल्डिंग केलेले एक जहाज दूर उभे होते ते त्याने मला दाखवले, जणू मला बघायचेच होते. "ए टोफू," तो म्हणाला. तोंड समुद्राकडे वळवून तो उतरेपर्यंत तसाच बसला.

बेटावरचे पहिले दिवस मी सांगत नाही. मी खात नव्हते. कपाटात जाऊन बसायचे, कारण वाकाबाने मला शेवटचे कपाटातच जवळ घेतले होते. हिसानोबाई लाड करणाऱ्यातल्या नव्हत्या. कपाटासमोर बसून संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकायच्या आणि स्वतःशीच कुरकुरायच्या. पण माझे पाणी त्या वाटीत ठेवायच्या नाहीत. परसामागच्या डोंगराच्या झऱ्याला त्यांनी बांबूची पन्हळ लावली होती, ती थोडी खाली वाकवली. एक दिवस तहान लागली म्हणून मी बाहेर आले, पाणी प्यायले, आणि तिथेच उन्हात झोपले. हिसानोबाईंनी ठोकणे थांबवले. मी उठेपर्यंत त्यांनी एकही खिळा ठोकला नाही.

त्या बेटाच्या धक्क्यावर एक पांढरा बोका राहायचा. त्याला कोणीतरी बोटीने आणून तिथे सोडले होते. घरात बाळ आले होते, असे तो म्हणायचा. त्यापेक्षा जास्त त्याला माहीत नव्हते. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. प्रत्येक बोट लागली की तो उठून उभा राहायचा, उतरणाऱ्या माणसांच्या पायांचा वास घ्यायचा आणि परत जाऊन बसायचा. मासेमार त्याला मासे टाकायचे, उपाशी नव्हता तो. मी त्याला म्हटले, चल वर बागेत, आजी रागीट आहे पण ठेवून घेईल. तो म्हणाला, मी वर असताना ते आले तर? हिसानोबाई दोनदा त्याला उचलून घेऊन आल्या. दोन्ही वेळा तो परत गेला. थंडीत एका सकाळी मासेमारांना तो बोटीच्या जागेकडे तोंड करून मेलेला सापडला. हिसानोबाईंनी त्याला संत्र्याच्या झाडाखाली पुरले. त्या दिवशी त्यांनी त्याला सोडून गेलेल्या माणसांबद्दल जे शब्द वापरले, ते मी मुलांसमोर सांगू शकत नाही.

संत्री पिकली. एका दुपारी मला खालच्या वाटेवर पावले ऐकू आली. मी ओळखली. मित्रांनो, मी इतकी धावले की एका पायरीवरून गडगडले. वाकाबा उंच झाली होती. मला पाहून तिने दोन्ही हात पुढे केले. आणि मग, मी अगदी जवळ पोहोचले तेव्हा, हात मागे घेऊन ती दोन पावले मागे सरली.

नात्सुए खाली वाकली, आणि तीही थांबली. माझे केस तिच्या कपड्यांवरून घरी जातील. कोहेइने हात खिशात घातले. माझी तिन्ही माणसे माझ्यासमोर उभी होती आणि एकालाही मला शिवता येत नव्हते. मी एकीकडून दुसऱ्याकडे जात होते आणि प्रत्येक जण मागे सरत होता. मी म्याव म्हटले. वाकाबा मास्कच्या आत रडू लागली. तेव्हा हिसानोबाई पुढे आल्या, मला उचलून स्वतःच्या मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या, आणि म्हणाल्या, "रडणं झालं की वरची संत्री तोडायला या. ती काही स्वतःहून उतरत नाहीत."

वाकाबा डोळे पुसून बागेच्या माथ्यापर्यंत पळत गेली. सगळ्या पायऱ्या. मधे कुठे गुडघ्यांवर हात टेकले नाहीत. वरून तिने मोठ्याने हाक मारली, 'मोमे' म्हणून. आवाज पूर्ण होता. नात्सुएने तोंडावर हात धरला आणि खाली बसली. तेव्हा मला समजले, मी त्यांना काय दिले आणि त्यांनी माझ्याकडून काय घेतले. समजले म्हणून दुखायचे थांबत नाही. पण समजले.

आता हिसानोबाईही थकल्या आहेत आणि मीही. वाकाबा मोठ्या शाळेत जाते. दर वर्षी संत्री तोडायला येते. गेल्या वर्षी तर आईबाबांना घरी ठेवून ती एकटीच आली.

मित्रांनो, तुमच्या घरात मूल आजारी पडले, आणि तुम्हाला माझ्यासारख्या कोणाला दूर करावे लागले, तर मी तुम्हाला निर्दय म्हणणार नाही. मुलाचा श्वास आधी. पण आम्हाला धक्क्यावर सोडू नका. आमच्यासाठी एक दार शोधा, मग ते कितीही कडक स्वभावाच्या माणसाचे असले तरी चालेल. आणि घरातल्या लहानांना खरे सांगा. त्यांना ते पेलते. आणि आमच्या कानाशीही एकदा सांगा. शब्द कळत नसतील, पण तुमचा आवाज कळतो.

वाकाबा आली की आधी गवताची एक काडी तोडून हवेत सोडते आणि ती कुठे उडते ते बघते. मग तिकडच्या पायरीवर बसते, आणि मी अलीकडच्या. वारा तिच्याकडून माझ्याकडे येत असतो. माझा एकही केस तिच्यापर्यंत जात नाही. पण तिच्या हातांचा, केसांचा, शाळेच्या कपड्यांचा वास मला सगळाच्या सगळा मिळतो. मी डोळे मिटून तो घेत राहते, अंधार पडून बोटीची वेळ होईपर्यंत.